सतनामी मुलांची शाळा आणि ऑस्कर लोर

रायपूर : छत्तीसगडमधील ख्रिस्ती मिशनच्या कार्याचा आरंभ ऑस्कर लोर (१८२४-१९०७) यांच्यापासून मानला जातो. जर्मनीत जन्मलेले लोर प्रथम छोटा नागपुरात धर्मप्रचारक होते. १८५७ च्या उठावानंतर ते अमेरिकेला गेले. तेथील जर्मन मिशनने त्यांना १८६८ मध्ये रायपूरला धाडले. मूर्तिपूजा व जातिभेद नाकारणारे गुरू घासीदासांचे अनुयायी आपणहून ख्रिस्तमार्गाला येतील, अशी त्यांची अटकळ होती. तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात पडीक जमीन घेऊन त्यांनी विश्रामपूर वसविले, औषधोपचार केले, शाळा काढली. अस्पृश्य म्हणून इतरत्र दाराबाहेर राहणाऱ्या सतनामी मुलांच्या हाती पाटी आली. अक्षरांबरोबर बायबलचे धडेही आले. पंथ मात्र हलला नाही. उच्चवर्णीयांची मक्तेदारी मोडून सतनाम्यांनी जानवे धारण केले होते. ते उतरविण्याचा लोर यांचा आग्रह त्यांना रुचला नाही आणि आरंभीचा जिव्हाळा ओसरला. समतेचा उपदेश करणाऱ्या पाद्र्याला त्या धाग्यातील समता उमगली नाही, हे विलक्षणच. बाप्तिस्मा घेणारी कुटुंबे प्रारंभी थोडीच निघाली. त्यांची वस्ती विश्रामपुरात मिशनच्या जमिनीवर, चर्च आणि शाळेभोवती वाढत गेली.