लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. परंतु रंग नीट ओळखता येईनात, म्हणून ते यंत्रविद्येकडे वळले. पुढे बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. तरी लक्ष्मणराव डगमगले नाहीत. १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. १९१४ च्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या भट्टीत वितळल्या, रस साच्यांत ओतला गेला आणि तोफांचे नांगर झाले. १९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. ज्या लोखंडाला शेतकरी भीत होता, तेच त्याचे सोबती झाले, ही लक्ष्मणरावांच्या चिकाटीची पुण्याई होय.