जयप्रकाशांची शेवटची चार वर्षे

आमच्या आजोबांना आठवड्यातून तीन वेळा डायालिसिसला न्यावे लागते. हैदराबादेत घरातले हे काम माझ्या वाट्याला आले आहे. चार तास यंत्राशेजारी बसायचे. आजोबा मूळचे बीदरचे. मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेने बोलतात, आणि दोन्ही भाषांत जयप्रकाश नारायण हे नाव वारंवार घेतात. मी ते राजकारणाचे वेड समजत होतो. कारण निराळे होते.

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ चा, गंगाकाठच्या सिताबदियारा गावचा. १९२२ साली ते अमेरिकेला शिकायला गेले आणि १९२९ मध्ये मार्क्सवादी होऊन परतले. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आपल्या नाशिकच्या तुरुंगात आकारास आली, हे महाराष्ट्रीयांनाही फारसे ठाऊक नसते. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून ते साथीदारांसह निसटले. पुढे सत्तेकडे पाठ फिरवून विनोबांच्या भूदानात गेले. हा सारा इतिहास पुस्तकांत आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

२६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांचे वय बाहत्तर होते. पत्नी प्रभावतीदेवी दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. चंदीगडच्या रुग्णालयात पहाऱ्याखाली त्यांचे कित्येक महिने गेले. नोव्हेंबरमध्ये सुटका होऊन ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. तुरुंगातील उपचारांविषयी तेव्हा पुष्कळ संशय घेतला गेला. त्या वादात मी शिरत नाही.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. तेवढे काम यंत्राने आठवड्यात काही तासांत उरकायचे म्हणजे शरीराची दशा काय होते, ते मी आजोबांच्या चेहऱ्यावर पाहतो. आजोबांचे क्रिएटिनिन वाढले तेव्हा डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासायला सांगितले. उतारवयात ही ग्रंथी मंदावली तर मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते. थकवा आणि सूज दिसते, पण घरची माणसे वय झाले म्हणून ती सोडून देतात. दोष तेवढाच असेल तर गोळीने पुष्कळ सुधारतो. आजोबांचा दोष तेवढाच नव्हता. त्या काळी तर डायालिसिसची सोय देशात मोजक्याच ठिकाणी होती आणि खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता.

मी वाणिज्य शाखेचा, म्हणून माझे लक्ष पैशाकडे जाते. जयप्रकाशांपाशी संपत्ती नव्हती. त्यांच्यासाठी यंत्र घ्यावे म्हणून लोकांकडे एकेक रुपया मागितला गेला, आणि आणीबाणीच्या भीतीतही लोकांनी तो दिला. १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी मदतनिधीतून नव्वद हजार रुपयांचा धनादेश पाठवला. जयप्रकाशांनी तो परत केला. त्यांच्या जमाखर्चात मला ही एक नोंद सर्वांत मोठी वाटते, कारण ज्या यंत्रावाचून चार दिवस निघणे कठीण, त्याच यंत्रासाठीचा पैसा नाकारायचा होता. आजोबांनीही तेव्हा बीदरहून एक रुपया पाठवला होता. पावती मिळाली नाही, असे ते अजून हसत सांगतात.

१९७७ च्या निवडणुकीत हा रुग्ण दोन डायालिसिसमधल्या दिवसांत सभा घेत फिरला. २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. पण आणलेले सरकार आपसांत भांडू लागले, आणि त्या भांडणांकडे पाहत बसणे हे पाटण्याच्या घरी यंत्राशी जखडलेल्या माणसाच्या नशिबी आले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची खोटी वार्ता पसरली आणि ते जिवंत असतानाच संसदेत श्रद्धांजली वाहिली गेली! हा प्रसंग सांगताना आजोबांना इतके हसू येते की परिचारिका रागावतात.

त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. सत्याहत्तरावे वर्ष पुरे व्हायला तीन दिवस उरले होते.