लुई ब्रेल

पॅरिसजवळील कूव्रे गावी १८०९ साली एका जिनगराच्या घरी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. तिसऱ्या वर्षी वडिलांची आरी डोळ्यात शिरली; विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला व बालक पूर्ण अंध झाले. पॅरिसच्या अंधशाळेत त्या काळी रोमन अक्षरेच कागदावर उठवून शिकवीत. ती मुळात डोळसांची. बोटांनी वाचावयास जड, लिहावयास तर अशक्यप्राय. बार्बिये नामक सेनाधिकाऱ्याची बारा टिंबांची लिपीही बोटाखाली मावेना. लुईने सहाच टिंबे ठेविली; अक्षर एका स्पर्शात कळू लागले! तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा. टिंबे उठविण्याचे साधनही आरीसारखेच टोकदार, हे विलक्षणच. पुढे तेथेच शिक्षक झालेले ब्रेल १८५२ साली निवर्तले. शाळेने ही लिपी रीतसर स्वीकारली, ती १८५४ साली. आज याच सहा टिंबांत मराठीही वाचतात.