बहिणाबाईंचा 'य'

खानदेशात केळीला केयी म्हणतात. मुक्ताईनगर, रावेर, यावल, भुसावळ हा सारा पट्टा जसा केळीचा, तसाच लेवा गणबोलीचा. या बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळ्याचा डोया होतो, सकाळची सकाय होते. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. 'य' म्हणताना जीभ नुसती वर उचलली जाते, कुठे टेकत नाही. फरक एवढासाच, पण त्यापायी वर्गात खाली मान घालणारी मुले मी पाहिली आहेत.

माझी नोकरी बँकेतली. मुक्ताईनगरला असताना पीककर्जाच्या अर्जावर मी 'केळी' लिहीत असे आणि समोरचा शेतकरी 'केयी' सांगत असे. हिशेब दोघांचाही बरोबर! पण कागदावर जायचे ते माझेच अक्षर. म्हणूनच बहिणाबाई चौधरींचे मला फार अप्रूप वाटते.

जळगावजवळच्या असोद्याला, महाजनांच्या घरात १८८० साली त्या जन्मल्या. शाळेचे तोंड पाहिले नाही. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झाले. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी तीन मुले, डोक्यावर शेती आणि घरादाराचा भार. जात्यावर बसल्या की दाण्यांबरोबर शब्दही येत. शेतात राबताना गाणे सुचे. सही करण्यापुरतेही अक्षर येत नसलेल्या या बाईची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी वेळोवेळी उतरवून ठेवली.

सोपानदेव शिकलेले, स्वतः नावाजलेले कवी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आईचा 'य' खोडून तिथे 'ळ' लिहिणे त्यांना अवघड नव्हते. तसे केले असते तर यमके मोडली असती, लय अडखळली असती आणि बाईचा आवाजच हरवला असता. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. पुढे सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे हरखले. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. त्यात 'ळ'चा 'य' होता, 'ण'चा 'न' होता, विहिरीची येहेरही होती. सारे जसेच्या तसे!

ज्या उच्चाराला वर्गात हसू फुटायचे, तोच पाठ्यपुस्तकातून साऱ्या महाराष्ट्राच्या वर्गांत गेला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठालाही बहिणाबाईंचे नाव मिळाले.

आता खानदेशातल्या घरांतही नातवंडे 'ळ' स्वच्छ म्हणतात. म्हणोत बापडी, परीक्षेला, अर्जाला तो लागतोच. पण आजी ताटात केयी वाढते तेव्हा तिचा शब्द सुधारायला जाऊ नये. त्या एका 'य'मुळे आपली जीभ बहिणाबाईंच्या घरची आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. आणि ते काम आपल्यासारख्या आजी-आजोबांचेच!