जुन्या ऑस्टिनला प्लायवूड जोडणाऱ्या पोरानं रेसिंग कारचा सांगाडाच बदलून टाकला

दुसरं महायुद्ध संपलं होतं. इंग्लंडमध्ये नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव होता. लंडनमधला एक कॉलेजचा पोरगा शिकता शिकता जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. पुढे हा धंदा बसला आणि त्याच्या गळ्यात एक न खपलेली ऑस्टिन सेव्हन पडली.

त्यानं ती भंगारात काढली नाही. मैत्रीण हेझल विल्यम्सच्या घरच्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन तो ती खोलत बसला. १९४८ मध्ये त्यातून जी गाडी बाहेर पडली, ती पहिली लोटस.

या पोराचं नाव कॉलिन चॅपमन.

१९ मे १९२८ चा त्याचा जन्म. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकला आणि तिथल्याच एअर स्क्वाड्रनमध्ये विमान चालवायला शिकला. या दोन्ही गोष्टी त्याला आयुष्यभर पुरल्या.

ऑस्टिन सेव्हन ही साधी, घरगुती गाडी. तिची चॅसी हलकी होती, पण खड्ड्यात किंवा वळणावर तिला पीळ पडायचा. आता तुम्ही म्हणाल, पडला थोडा पीळ तर काय बिघडलं?

तर बिघडतं असं. टायर रस्त्याला धरून ठेवायचं काम स्प्रिंगचं असतं. पण चॅसीच वाकायला लागली, तर ती स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसते, आणि तिला आवरायला शॉक ॲब्सॉर्बरही नसतो. चाकांचे कोन बदलतात. ड्रायव्हर स्टिअरिंग एवढं फिरवतो आणि गाडी भलतंच करते. अशा गाडीला कितीही महागडं सस्पेन्शन लावा, उपयोग नाही. म्हणूनच जुनी स्पोर्ट्स कार सुधारायची तर आधी सांगाडा ताठ करावा लागतो, स्प्रिंगची पाळी नंतर येते.

पण ताठ करायचं म्हणजे जाड लोखंड घालायचं का? इथेच चॅपमनचं डोकं वेगळं चाललं.

घरातला बुटांचा खोका घ्या. झाकण काढून दोन्ही हातांनी पिळा. लगेच वाकडा होतो. आता झाकण चिकटवून तोच खोका पिळून बघा. दाद देत नाही. वजन किंचित वाढलं, ताकद मात्र कित्येक पट वाढली. ताकद आकारात असते, जाडीत नाही.

चॅपमननं ऑस्टिनवर हेच केलं. चॅसीचे पन्हाळीसारखे उघडे भाग बंद करून त्याच्या पेट्या केल्या. त्यावर आडव्या भिंती घालून ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेल्या प्लायवूडची बॉडी बसवली. विमानाचं बाहेरचं आवरण जसं भार घेतं, तशी ही बॉडीही भार घ्यायला लागली. चिखलातल्या चढणींच्या स्पर्धांमध्ये ही गाडी बक्षिसं मिळवू लागली.

१ जानेवारी १९५२ ला लोटस इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. भांडवलासाठी २५ पौंड दिले ते हेझलनंच. दोन वर्षांनी दोघांनी लग्न केलं.

१९६२ मध्ये आली लोटस एलान. बॉडी फायबरग्लासची आणि मधोमध पोलादी पत्र्याचा एक पोकळ कणा, दोन्ही टोकांना फाटे फुटलेला. कणा ताठ असल्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता आल्या. गाडी खड्डे गिळायची आणि वळणावर चिकटून चालायची.

त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये लोटस २५ उतरली. तोवर रेसिंग कारचा सांगाडा नळ्या जोडून करायचे. चॅपमननं पत्र्याच्या पेट्यांचं एकसंध कवच केलं आणि त्यात ड्रायव्हरला जवळपास झोपवलं. आधीच्या लोटस २४ पेक्षा हा सांगाडा साधारण तिप्पट ताठ होता, आणि हलकाही. १९६३ मध्ये जिम क्लार्क याच गाडीवर जगज्जेता झाला. मग बाकीच्यांनाही याच वाटेनं जावं लागलं. १९६३ ते १९७८ या काळात लोटसनं ७ वेळा कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप जिंकली.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

वजन कमी करायच्या हट्टात सुटे भाग अगदी कडेलोटापर्यंत बारीक केले जायचे. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये लोटसच्या दोन्ही गाड्यांचे विंग मोडले. त्यातून वाचलेल्या योखेन रिंटनं चॅपमनला पत्र लिहून कळवलं होतं, की गाड्या पुरेशा वेगवान आहेत, थोडं वजन वाढलं तरी चालेल, पण कमकुवत भाग मजबूत करा. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० ला मॉन्झात सरावादरम्यान रिंटच्या लोटसचा ब्रेक शाफ्ट तुटला. गाडी नीट न बसवलेल्या कठड्यावर आदळली आणि तो गेला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

शेवटची वर्षंही वादातच गेली. डीलोरियन कारचं इंजिनिअरिंग लोटसकडे होतं. सांगाडाही लोटसच्याच धर्तीचा, मधोमध कणा असलेला. या व्यवहारातल्या पैशांचा घोटाळा बाहेर येत असतानाच, १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकनं चॅपमनचा मृत्यू झाला. वय ५४. त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. कंपनीतल्या त्याच्या जवळच्या सहकाऱ्याला मात्र पुढे तुरुंगात जावं लागलं.

आज जगभरात जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन गॅरेजमध्ये आडवे बार जोडतात, उघडे भाग बंद करून पेट्या करतात. चॅपमनच्या ऑस्टिनचा धडा ते गिरवत असतात. रिंटच्या पत्रातला धडाही तेवढाच महत्त्वाचा आहे. सांगाडा हलका जरूर करावा, पण ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला असतो, तिथं दोन-चार किलोंचा हिशोब करू नये.