कावसजीचे नाक: काथाच्या लेपापासून प्रकाशाने घट्ट होणाऱ्या गोंदापर्यंत

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात डॉक्टरांची नावे राहतात, रुग्णांची सहसा राहत नाहीत. कावसजीच्या बाबतीत उलटे झाले. जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत त्याचे नाव आहे, पण पुण्याजवळच्या ज्या माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले त्याचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही. नोंदीत आहे ती फक्त त्याची जात: विटा करणारा, म्हणजे कुंभार.

कावसजी हे नाव पारशी वाटले तरी १७९४ सालची मूळ नोंद त्याला मराठा म्हणते आणि व्यवसायाने शेतकरी म्हणते. म्हैसूरच्या तिसऱ्या युद्धात इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूला होते आणि टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला. तोफा, दारूगोळा, धान्य हे सगळे बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांवर चाले. बैल हाकायला माणसे लागत. कावसजी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकायला गेला होता. तो लढणारा शिपाई नव्हता. १७९२ मध्ये तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला.

नाक कापणे हा आपल्या भाषेत अब्रू जाण्यासाठीचा शब्दप्रयोग आहे. त्या काळी ती खरोखरची शिक्षा होती. जन्मभर चेहऱ्यावर दिसावी हाच तिचा हेतू. डॉक्टर म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगेन. नाक आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करते, धूळ अडवते. नाकाचा पुढचा भाग गेला की आतली त्वचा कोरडी पडते, खपल्या धरतात, दुर्गंधी येते. हाताचे तर काहीच करता येण्यासारखे नव्हते. एका हाताने बैल हाकणे किती जमणार? अशा अवस्थेत कावसजी श्रीरंगपट्टणजवळ असलेल्या मुंबईच्या फौजेला जाऊन मिळाला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला पेन्शन दिले. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाशिवाय राहिला.

मग तो पुण्याच्या त्या कारागिराकडे गेला. हे साधारण १७९३ साल. भूल देण्याचे औषध यायला अजून पन्नासहून अधिक वर्षे होती, तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते सगळे त्याने शुद्धीवर असताना सोसले.

अशी शस्त्रक्रिया मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिली होती. त्यामुळे तिचा तपशील आपल्याला मिळतो. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून चांगल्या नाकाचा आकार केला. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ मारली. ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मापासाठी झाडाचे पान घ्यायला सांगितले आहे, फक्त तिथे कातडी गालाची घेतात. पुण्याच्या माणसाने कपाळाची घेतली. रेघेच्या आतली कातडी त्याने सोडवली, पण पूर्ण सोडवली नाही. दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. नाकाच्या जुन्या जखमेचा वण खरवडून ताजा केला, त्यामागे चीर दिली, कपाळाची कातडी अर्धी पीळ देऊन खाली वळवली आणि तिची कड त्या चिरेत बसवली.

सगळे यश त्या दोन डोळ्यांमधल्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहते, म्हणून नव्या जागी गेलेली कातडी मरत नाही. आजही नाकाच्या कर्करोगानंतर किंवा अपघातानंतर कपाळाच्या कातडीचे नाक करतात ते याच तत्त्वावर, आणि ती पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात. पुण्याच्या नोंदीत हा दिवस पंचविसावा आहे.

इथे थोडे थांबतो, कारण ही पट्टी आमच्या पाचोडच्या रुग्णांसाठीही महत्त्वाची आहे. ऊसतोडीचा कोयता, कडबाकुट्टीचे यंत्र, धुळे-सोलापूर महामार्गावरचे अपघात, यांत कातडीचा किंवा बोटाचा तुकडा पुष्कळदा अर्धवट लोंबत असतो. घरातले कोणीतरी तो आता काय उपयोगाचा म्हणून कात्रीने कापून टाकते. तसे करू नका. करंगळीएवढ्या पट्टीने जरी तो जोडलेला असला तरी तिच्यातून रक्त येत असू शकते. स्वच्छ पाण्याने धुवा, आहे त्या जागी अलगद बसवा, स्वच्छ ओलसर कापडाने झाका, हलके बांधा आणि लगेच ग्रामीण रुग्णालयात या. गरज असेल तर तिथून घाटीला पाठवतील. तुकडा पूर्ण सुटलाच असेल तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका, त्याने पेशी मरतात.

आता कावसजीच्या गोष्टीतला मला सर्वात आवडणारा भाग. कातडी चिरेत बसवली, पण ती तिथे धरून कशी ठेवायची? नोंदीत टाक्यांचा उल्लेख नाही. आहे तो काथाचा. हो, विड्यात घालतो तोच खैराचा काथ. पाण्यात मऊ करून तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या जोडावर एकावर एक चिकटवल्या. चार दिवस दुसरे काही लावले नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवली.

काथात टॅनिन भरपूर असते. आपल्या कातडीला बळकटी देणारे जे प्रथिन आहे, कोलॅजन, त्याच्या धाग्यांना टॅनिन एकमेकांशी बांधते. बाभळीच्या सालीने चामडे कमावतात त्यामागचे कारण हेच. जिवंत जखमेवर काथ चामड्याइतका खोलवर काम करत नाही, पण तो वरचा थर आवळतो, आणि वाळलेल्या पट्ट्या एकावर एक बसल्या की त्यांचे कडक कवच होते. माझ्या मते त्या कवचाचा उपयोग काथाच्या औषधी गुणापेक्षाही जास्त झाला असावा. जोड हलला नाही.

धाग्यांना धाग्यांशी बांधायचे हेच काम आता प्रकाशाकडून करून घेतले जाते. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी रोझ बेंगाल नावाचा गुलाबी रंग घेतला. डोळ्यांचे डॉक्टर हा रंग तपासणीसाठी फार पूर्वीपासून वापरतात. तो जखमेच्या दोन्ही कडांना लावायचा, कडा जुळवायच्या आणि वरून काही मिनिटे हिरवा प्रकाश सोडायचा. रंगाचे रेणू प्रकाश शोषतात आणि त्या ऊर्जेने दोन्ही कडांमधले कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडले जातात. यात भाजणे नाही. दिवा बंद केला की क्रिया थांबते. माणसाच्या त्वचेवर याची चाचणी झाली आहे, पण लक्षात घ्या, त्या चाचणीत खालचा थर नेहमीच्या टाक्यांनीच शिवला होता. प्रकाशाने जोडला तो फक्त वरचा.

दुसरा प्रकार आहे तो गोंदाचा. पातळ द्रव जखमेत सोडायचा, तो खाचाखोचांत जाऊन बसतो आणि प्रकाश टाकला की काही सेकंदांत जेलीसारखा घट्ट होतो. सर्जनला यात सोय अशी की, गोंद कधी घट्ट व्हायचा ते त्याच्या हातात राहते. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर हवा गळू नये म्हणून निळसर-हिरव्या प्रकाशाने घट्ट होणारा असा एक लेप अमेरिकेत २००० साली मंजूर झाला. तोही टाक्यांच्या जोडीला, टाक्यांऐवजी नाही.

हे सगळे फार दूरचे वाटत असेल तर दातांचा दवाखाना आठवा. दाताच्या रंगाचे सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा दिवा धरतात आणि ते दगडासारखे होते, तीच ही विद्या. बुबुळ शंकूसारखे पुढे येण्याच्या आजारात बी-टू जीवनसत्त्वाचे थेंब घालून अतिनील किरण देतात, बुबुळातले कोलॅजन घट्ट करतात. त्या उपचाराला लोक सी-थ्री-आर म्हणून ओळखतात. तुमच्या ओळखीत कुणी तरुणाने तो करूनही घेतला असेल.

पण पायावरच्या कोयत्याच्या घावाला टाके नकोत, लाइटने चिकटवा, असे कोणी म्हणाले तर आज मी नाही म्हणेन. प्रकाश ऊतींत खोलवर पोचत नाही आणि रक्त तो अडवते. घाण किंवा माती आत राहिली असेल आणि वरून झाकण घट्ट बसवले तर पू आतच साठतो. धुणे, मेलेला भाग काढणे, धनुर्वाताचे इंजेक्शन, या गोष्टी कुठल्याच गोंदाने टळत नाहीत. आणि मोबाइलवर जाहिरात दिसते ते लाल दिव्याचे यंत्र म्हणजे हा उपचार नव्हे. ते जखमेच्या कडा जोडत नाही. लहान, स्वच्छ, ताण नसलेल्या जखमेसाठी रुग्णालयात मिळणारा त्वचेचा गोंद आधीच वापरात आहे, त्याला प्रकाश लागत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. दुकानातला फेविक्विकसारखा गोंद मात्र जखमेत घालू नका. त्याने आतला भाग भाजतो आणि आम्हाला तो खरवडून काढावा लागतो. घरी काथ किंवा तूप भरणेही नको. त्या कारागिराकडे दुसरे काही नव्हते, आपल्याकडे आहे.

कावसजीकडे परत येऊ. शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवस असा रुग्ण उताणा पडून राहायचा. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाच्या वाती घातल्या जात. पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधली पट्टी कापून नाकाचा आकार थोडा सुधारला जाई. ज्याचे रोजचे पोट बैलांवर होते त्या माणसाने महिनाभर असे निवांत राहणे सोपे नसते. आमच्याकडे टाके घातलेले रुग्ण तिसऱ्या दिवशी पाणी द्यायला शेतात जातात आणि पाचव्या दिवशी टाके सुटून परत येतात. कावसजीला पेन्शन होते, ही गोष्ट त्या नाकाच्या यशात मोजायला हवी असे मला वाटते. तंबाखू आणि विडीचेही असेच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि अशी हलवलेली कातडी जगते ती त्याच बारीक वाहिन्यांवर. म्हणून अशा शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि नंतरही तंबाखू, विडी पूर्ण बंद ठेवायला सांगतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणायला सांगतात.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या वर्षांत पुण्यात होता. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे त्याने काढली. शस्त्रक्रियेनंतर साधारण दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्याने कावसजीचेही चित्र काढले. पेशव्यांचे चित्र काढणाऱ्या हाताने एका बैल हाकणाऱ्याचा चेहरा रंगवावा, हे त्या काळात घडणारे नव्हते. नव्या नाकाने ते घडवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये या शस्त्रक्रियेची हकीकत चित्रासह छापून आली. पत्राखाली बी. एल. एवढीच आद्याक्षरे होती. नवे नाक मजबूत असते, जवळजवळ खऱ्यासारखे दिसते आणि कपाळावरचा वण काळाने फारसा जाणवत नाही, असे पत्रलेखकाने नोंदवले.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती हकीकत वाचली. भारतातून परतलेल्या लोकांकडे त्याने वर्षानुवर्षे चौकशी केली आणि आधी मृतदेहांवर हात बसवला. असा रुग्ण मिळायला त्याला १८१४ चा ऑक्टोबर उजाडला. तो एक लष्करी अधिकारी होता आणि त्याचे नाक पाऱ्याच्या औषधांनी गेले होते. कार्प्यूने मेणाचा साचा केला, कपाळावर रेघ मारली, पट्टी राखून कातडी खाली वळवली. तिसऱ्या दिवशी बांधलेले कापड सोडले तेव्हा समोर नाक होते.