कर्णबधिरांचे शिक्षक : अलेक्झांडर ग्रॅहम बेल

टेलिफोनचे जनक म्हणून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. बेल स्वतः मात्र आपली ओळख अखेरपर्यंत कर्णबधिरांचा शिक्षक अशीच करून देत. त्यात विनयाचा भाग थोडा आणि वस्तुस्थितीचा अधिक होता. त्यांच्या आईला ऐकू येत नव्हते, पत्नीला ऐकू येत नव्हते आणि ज्या दोन गृहस्थांच्या पैशावर टेलिफोनचे प्रयोग उभे राहिले, त्या दोघांची मुले बेल यांच्याकडे शिकणारी कर्णबधिर मुले होती.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील मेलव्हिल बेल हे उच्चारशास्त्राचे अध्यापक. जीभ, ओठ व कंठ यांची स्थिती दाखविणारी एक चिन्हलिपी त्यांनी तयार केली होती. आई एलायझा लघुचित्रे काढीत, पियानोही वाजवीत. पण त्यांची श्रवणशक्ती मंदावत गेली. इतर मंडळी त्यांच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत, तर हा मुलगा आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या स्वरात बोले आणि ते त्यांना उमजे. बैठकीत चार माणसांचे बोलणे रंगले, की तो शेजारी बसून बोटांच्या लिपीने ते आईला सांगत असे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला चार भिंतींच्या आत एकट्याशी बोलणे कसेबसे जमते, पण बोलणारा दूर गेला आणि मध्ये इतर आवाज आले की शब्द हरवतात, हे बेल यांनी घरातच पाहिले होते.

क्षयाने दोन्ही भाऊ गेल्यावर १८७० मध्ये हे कुटुंब कॅनडात स्थायिक झाले. पुढच्याच वर्षी बेल बोस्टनच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिकवू लागले आणि १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. थॉमस सँडर्स यांचा मुलगा जॉर्ज आणि गार्डिनर हबर्ड यांची कन्या मेबल हे त्यांचे विद्यार्थी. पाचव्या वर्षी आलेल्या लोहितांग ज्वरात मेबलचे ऐकणे पूर्णपणे गेले होते. आवाज डोळ्यांना दाखविता आला तर मुलांना उच्चार शिकविणे सोपे होईल, या विचाराने बेल यांनी १८७४ मध्ये एका मृत माणसाचा कान घेऊन, त्याच्या पडद्याची थरथर काजळी धरलेल्या काचेवर उमटविली. एवढासा पडदा जड हाडे हलवितो, हे पाहून टेलिफोनच्या कल्पनेला बळ मिळाले. ७ मार्च १८७६ रोजी पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी यंत्रातून शब्द ऐकू आले. त्यापुढील कीर्ती, कंपनी आणि कोर्टकचेऱ्या यांचा इतिहास सर्वपरिचित आहे. ११ जुलै १८७७ रोजी मेबलशी विवाह झाला तेव्हा बेल यांनी कंपनीतील आपले दहा वगळता सर्व समभाग तिला भेट दिले. तिला मात्र त्या यंत्राचा स्वतःला उपयोग नव्हता.

बेल यांना स्वतःला टेलिफोनपेक्षाही श्रेष्ठ वाटणारा शोध पुढे आहे. १८८० मध्ये सहकारी चार्ल्स समनर टेंटर यांच्यासह त्यांनी ‘फोटोफोन’ तयार केला. पातळ आरशावर सूर्यप्रकाश पाडायचा आणि त्याच्या मागून बोलायचे; आवाजाने आरसा थरथरतो व परावर्तित किरण कमीजास्त होतो. पलीकडे सेलेनियम धातुसदृशाचा घट. प्रकाश बदलला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि टेलिफोनच्या श्रवणिकेतून मूळ शब्द निघतात. मध्ये तार नाही. ३ जून १८८० रोजी वॉशिंग्टनच्या फ्रँकलिन शाळेच्या छपरावरून टेंटर यांनी बेल यांना, ऐकू आल्यास खिडकीशी येऊन टोपी हलविण्यास सांगितले आणि सुमारे २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेतून टोपी हलली. नुकत्याच जन्मलेल्या दुसऱ्या मुलीचे नाव ‘फोटोफोन’ ठेवण्याचीही त्यांची इच्छा होती. मेबलने ती मान्य केली नाही हे बरे झाले.

ढग आले की यंत्र मुके होई, त्यामुळे ते व्यवहारात उतरले नाही. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाट्यगृहे आणि सभागृहे यांत कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जी अवरक्त किरणांची व्यवस्था आली, तिचे तत्त्व तेच आहे. रंगमंचावरील ध्वनिक्षेपकाचा आवाज डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चढवितात आणि प्रेक्षकाच्या गळ्यातील छोटा ग्राहक तो पुन्हा आवाजात उतरवितो. साधे श्रवणयंत्र शेजारच्याचा खोकला आणि पंख्याची घरघरही मोठी करते. येथे नटाचा आवाजच थेट कानाशी येतो. प्रकाश भिंतीपलीकडे जात नसल्याने न्यायालयासारख्या ठिकाणी गुप्तताही राहते. गंमत अशी, की बेल यांच्या यंत्राला ऊन हवे होते, तर या यंत्राला उन्हाचाच अडथळा होतो. टेलिफोनचाही असाच एक वारसा आहे. त्याच्या श्रवणिकेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पकडण्यासाठी श्रवणयंत्रात एक बारीक वेटोळे बसविण्यात आले. सभागृहाभोवती तारेचा वेढा घालून तेच क्षेत्र निर्माण केले, की प्रत्येक खुर्चीवर त्या वेटोळ्याला वक्त्याचे शब्द मिळतात. अशा वेढ्याचे पेटंट ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी घेतले.

या साधनांचा लाभ ज्यांना थोडे तरी ऐकू येते त्यांनाच. मेबलसारख्यांचे काय, या प्रश्नावर बेल यांचे उत्तर आज अनेकांना मान्य होणार नाही. कर्णबधिर मुलाने बोलावे आणि ओठ वाचावेत, खुणांची भाषा शाळेतून हद्दपार व्हावी, असा त्यांचा आग्रह होता; ते स्वतः खुणांच्या भाषेत निष्णात होते, हे विशेष. १८८३ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात तर, कर्णबधिरांनी आपापसांत विवाह केल्यास मानवात बधिरांची वेगळी शाखा निर्माण होईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. त्यांना एकत्र आणणाऱ्या निवासी शाळांवर आणि बधिर शिक्षकांवरही त्यांचा आक्षेप होता. एडवर्ड मायनर गॅलोडेट यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. बहुसंख्य जन्मबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी येतात, हे त्यांच्या भीतीत बसत नव्हते. मेबल उत्तम ओठ वाचीत; घरातील या एका यशाचा नियम सर्वांना लावण्यात बेल यांची चूक झाली. अनेक पिढ्यांना शाळेत आपली सहज भाषा दडवून ठेवावी लागली आणि कर्णबधिर समाजात बेल यांचे नाव आजही कटुतेने घेतले जाते.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १८८० मध्ये मिळालेल्या ५० हजार फ्रँकच्या व्होल्टा पारितोषिकातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि तेथील कामाच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये बधिरत्वविषयक माहितीचे व्होल्टा ब्यूरो सुरू केले. श्रवणक्षमता मोजणारे एक यंत्रही त्यांनी केले होते. ध्वनीची पातळी सांगणाऱ्या डेसिबल या एककात त्यांचेच नाव आहे. सहा वर्षांच्या हेलन केलरला घेऊन आलेल्या तिच्या वडिलांना पर्किन्स संस्थेची वाट त्यांनीच दाखविली. हेलनने १९०३ चे आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात, बेन व्री या आपल्या निवासस्थानी बेल यांचे निधन झाले. दोन दिवसांनी अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल यांचे निधन त्यानंतर पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ रोजी झाले.